पाट करायला घेतलाय : हत्यारं कोणती, लाकूड कसलं आणि पाट चिरू नये म्हणून काय करायचं?

उंबरठा :
नमस्कार मंडळी. घरासाठी चार सागवानी पाट हातानं करायचे आहेत. १८ इंच लांब, १५ इंच रुंद, खाली दोन आडव्या पट्ट्या, जमिनीपासून साधारण अडीच-तीन इंच उंच. तयार मिळणारे पाट बघितले. बहुतेकांच्या पट्ट्या खालून स्क्रूनं ठोकून बसवलेल्या, आणि वर्ष-दोन वर्षांत एकतर मधोमध चीर, नाहीतर पाटाची होडी. जागा म्हणजे बाल्कनी. हत्यारं शून्य धरा. लाकूड कुठलं आणि किती घ्यायचं, कमीत कमी कोणती हत्यारं लागतील, आणि चीर टाळायची कशी, एवढं सांगा.

घनफूट :
आधी हिशेब, कारण वखारीत गोंधळ तिथेच होतो. लाकूड घनफुटावर मिळतं. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करून १४४ नं भागा. एका पाटाला २० इंच लांब, ८ इंच रुंद, सव्वा इंच जाड अशा दोन फळ्या धरा : १.६७ × ८ × १.२५ ÷ १४४, म्हणजे फळीमागे ०.११६ घनफूट. खालच्या दोन पट्ट्या १६ इंच लांब, २ इंच उंच, दीड इंच जाड : त्या दोन्ही मिळून ०.०५६. एकूण ०.२९ च्या आसपास. त्यावर तीसेक टक्के घट धरा (रंधा, करवतीचा भुसा, कोपऱ्यातली गाठ), म्हणजे पाटामागे ०.४ आणि चार पाटांना दीड-पावणेदोन घनफूट. वखारवाला करवतीच्या मापानं मोजतो, रंधा मारल्यानंतरच्या नाही. सव्वा इंचाची फळी दोन्ही बाजूंनी साफ करून २२ ते २५ मिलिमीटर हातात येते. 'एक इंच' म्हणून घेतलेली फळी शेवटी १८-१९ वर उतरते, आणि मग खालच्या पट्टीसाठी खाच पाडायला जाडीच उरत नाही.

वखारीत साग म्हणून बरंच काही मिळतं. 'सीपी' म्हणजे जुन्या मध्य प्रांतातला, आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोली पट्टा, बल्लारपूर, आलापल्ली. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये याच पट्ट्यातलं सागवान गेलं. बाकी आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतून येणारा लागवडीचा साग. पाटाला तोही चालतो. वाढीची वर्तुळं रुंद दिसली की लाकूड कच्चं, हा समज सागाच्या बाबतीत खरा नाही. बघायचं ते वेगळंच : फळीच्या कडेला पिवळट-पांढरा पट्टा किती आहे. तो भाग टिकाऊ नसतो, किडा तिथेच लागतो. पाटाच्या वरच्या अंगाला तो अजिबात नको. आणि फळीच्या टोकाला झाडाचा मधला बिंदू दिसला तर ती फळी परत ठेवा, ती चिरणारच.

जुन्या वाड्याची तुळई किंवा दाराची चौकट मिळाली तर उत्तम, पण आधी लोहचुंबक फिरवा. एक मोडका खिळा रंध्याच्या पात्याला दात पाडून जातो.

सई_नागपूर :
चिरण्याचं कारण कळलं की पुढचं अर्धं काम आपोआप समजतं, म्हणून सविस्तर लिहिते.

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. लांबीत त्यानं जवळपास काही फरक पडत नाही. रुंदीत पडतो. सागाची साधी (पसरट वर्तुळांची) फळी ओलाव्याच्या दर एक टक्क्यामागे साधारण ०.१९ टक्के हलते, आणि ज्या फळीच्या टोकाला वर्तुळं उभी दिसतात ती जेमतेम ०.१. नागपुरात मे महिन्यात लाकडातली ओल ७-८ टक्क्यांवर येते, ऑगस्टमध्ये १५-१६ होते. म्हणजे फरक ८ टक्के धरा. तुमचा पाट १५ इंच, म्हणजे ३८० मिलिमीटर रुंद. ३८० × ०.००१८६ × ८ = साडेपाच मिलिमीटर. उभ्या वर्तुळांची फळी घेतली तर हेच तीनवर येतं.

आता खालची पट्टी या फळीला आडवी आहे. तिची रेषा (लाकडाचे तंतू) लांबीच्या दिशेनं, म्हणून ती हलत नाही. पावसाळ्यात पाट फुगलेला असताना तिच्यावर चार स्क्रू आवळले तर उन्हाळ्यात पाट साडेपाच मिलिमीटर आत यायला बघतो आणि स्क्रू त्याला येऊ देत नाहीत. मग कुठेतरी फाटावं लागतं : जोडावर, नाहीतर सगळ्यात कमजोर रेषेवर. उलट उन्हाळ्यात आवळले तर पावसाळ्यात वरची फळी फुगून होडी होते. बाजारातल्या पाटांत लाकूड खराब नसतं हो, जोड चुकलेला असतो.

कोकणात हवा वर्षभर दमट असल्यामुळे फरक कमी पडतो. म्हणून रत्नागिरीचा पाट रत्नागिरीत नीट राहतो आणि विदर्भात आला की तडकतो.

बारा_एमएम :
एवढा खटाटोप कशाला? १९ मिलिमीटरचा प्लाय घ्या, वर सागाचं विनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा), कडेला बीडिंग. आठ बाय चारच्या एका शीटमधून चारच काय, पंधरा पाट निघतील. प्लाय हलत नाही. फक्त शिक्का बघा : आयएस ७१० म्हणजे उकळत्या पाण्यात ७२ तास टिकणारा, आयएस ३०३ चा एमआर म्हणजे कोरड्या जागेचा.

सई_नागपूर :
कपाटाच्या खणाला, पलंगाच्या तळाला शंभर टक्के प्लाय. पाटाला नको. विनियर पाव ते अर्धा मिलिमीटर. वर दोन वर्षं माणूस बसला, ताटातलं सांडलं, ओलं फडकं फिरलं की कोपऱ्यावर सोलून निघतं आणि परत रंधा मारायची सोय नाही. भरीव पाटाला दहा वर्षांनी एक मिलिमीटर खरवडून नवा करता येतो.

बारा_एमएम :
मान्य. पण देवघराला मी प्लायच सुचवेन :)

रंधेकरी :
हत्यारं. मशीन एकही न घेता चार पाट होतात. यादी मोठी दिसेल, पण यातलं काहीही फुकट जाणारं नाही.

करवत दोन. एक साधी हातकरवत, इंचाला ८-१० दातांची. दुसरी पाठीला पितळी किंवा लोखंडी पट्टी असलेली बारीक दातांची, १४ च्या आसपास, जोडकामासाठी. हल्ली बहुतेक नव्या करवतींचे दात काळे-निळसर, कडक केलेले असतात. त्यांना तिकोनी कानस लागत नाही, बोथट झाली की टाकायची. ज्यांना दात काढायला शिकायचंय त्यांनी जुनी साधी करवत शोधावी.

रंधा एकच घ्यायचा तर पाच नंबरचा लोखंडी, १४ इंच लांब. रंधा आपल्या लांबीच्या दुपटीपर्यंतची कड सरळ करतो, त्यामुळे २० इंचांच्या फळीला तो पुरतो. चार नंबर (साडेनऊ इंच) गुळगुळीत करायला बरा, पण कडा जुळवताना लहान पडतो.

पटाश्या ६, १२ आणि २५ मिलिमीटर. तीनच. दहा पटाश्यांचा डबा घेऊ नका, त्या दहांना धार लावता लावता हौस मरते.

गुण्या (काटकोन तपासायचा) सहा इंची. घेताना दुकानातच तपासा : सरळ कडेच्या पाटीवर एक रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारा. दोन रेघा फाकल्या तर गुण्या चुकीचा. फरक दिसतो त्याच्या निम्मी चूक असते.

बाकी मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ मारायला), मोगरी (लाकडी हातोडा), सी क्लॅम्प चार (६ इंची), धारेसाठी एक दुहेरी कुरुंद दगड. टेबल नसेल तर जमिनीवर. आपले सुतार पिढ्यान्‌पिढ्या फळी पायानं दाबून बसून रंधा मारत आलेत. बाल्कनीत भिंतीला टेकवून एक जाड फळी ठेवा, तिच्या पुढच्या टोकाला १२ मिलिमीटर उंचीची पट्टी आडवी ठोका. पाटाची फळी त्या पट्टीला टेकली की रंध्याच्या जोरानं सरकत नाही. शेगडा (फळी आवळून धरणारा) नंतर.

उंबरठा :
धन्यवाद. धार घरी लावता येईल का? की बाहेरून लावून आणायची?

रंधेकरी :
घरीच. बाहेर चाकावर पातं निळं करून देतात. निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरलं, तो भाग घासून जाईपर्यंत धार टिकत नाही.

नव्या पटाशीची सपाट बाजू आधी. सगळी नाही, टोकाकडचा एक इंच पुरे. जाड काचेवर (८-१० मिलिमीटर) पाणी शिंपडून ४०० चा वॉटरपेपर चिकटवा, पटाशी पालथी सपाट दाबून घासा, रेघा एकसारख्या झाल्या की १०००, मग २०००. शेवटी त्या इंचात आपलं बोट दिसावं. हे आयुष्यात एकदाच.

मग उतार. कोन मोजायला कोनमापक लागत नाही. पटाशीची जाडी मोजा. उताराची लांबी जाडीच्या दुप्पट असेल तर ३० अंश, २.४ पट असेल तर २५ अंश. म्हणजे ३ मिलिमीटर जाड पटाशीला ७ मिलिमीटरचा उतार आला की २५ झाला. मुख्य उतार २५, आणि अगदी काठावर मिलिमीटरभर ३० अंशाची दुसरी कड. रोज ही दुसरी कडच घासायची, दहा-बारा फेऱ्यांत काम होतं. हात डगमगत असेल तर चाकाची पकड घ्या, कडेनं आवळणारी : पटाशी ३० मिलिमीटर बाहेर काढली की ३० अंश, ४० काढली की २५. रंध्याच्या पात्याला हेच आकडे ३८ आणि ५०.

घासताना पलीकडच्या बाजूला काठावर बारीक तार उभी राहते. अंगठा सपाट बाजूनं काठाकडे ओढला की लागते. ती पूर्ण रुंदीभर लागेपर्यंत कागद बदलायचा नाही. बहुतेकांची धार इथेच फसते : मध्ये तार आली, कोपऱ्यात नाही, आणि पुढच्या कागदावर गेले. शेवटी सपाट बाजू दोन फेऱ्या, मग चामड्यावर हिरवं पॉलिशिंग मेण लावून मागे ओढत दहा वेळा.

परीक्षा कागदावर नको. फळीच्या टोकावर, आडव्या रेषांवर घ्या. नरम लाकडाच्या टोकावरून सोललेली पापुद्र्यासारखी ढलपी निघाली आणि मागे चकाकी राहिली तर धार आहे. भुगा पडला तर नाही.

आणि साग धार खातो. त्यात वाळूसारखे सूक्ष्म कण असतात. एका पाटात दोनदा तरी धार लावावी लागेल, त्यात तुमचा दोष नाही.

निळू_कराड :
मार्बल कटरला लाकडाचं चार इंची पातं लावून सगळं पटापट होतं की. सगळे सुतार तेच वापरतात.

रंधेकरी :
वापरतात, आणि हातांवरचे टाकेही बघून घ्या. तो कटर दगडासाठी बनलाय : मिनिटाला १२-१३ हजार फेरे, पात्यामागे लाकूड मिटू नये म्हणून लागणारी पाचर नाही, लाकडासाठीचं खाली उतरणारं झाकण नाही. फळीची चीर मागून मिटली, पातं चिमटलं की मशीन सरळ तुमच्याकडे उसळतं. ग्राइंडरला दातांचं पातं लावणं त्याहून वाईट, ते तर कुणीच करू नये. मशीनच हवं तर सात इंची सर्क्युलर सॉ घ्या. झाकण बांधून ठेवायचं नाही, फळीला दोन्ही बाजूंना आधार, आणि कापून सुटणारा तुकडा खाली मोकळा पडेल असं ठेवायचं. दोन टेबलांच्या मधोमध कापलं तर फळी वाकून पातं चिमटणारच.

भुसा : सागाच्या भुशानं कातडी खाजते, घसा धरतो. एन ९५ मास्क सँडपेपर मारताना तरी लावा. बाल्कनीत संध्याकाळचा वारा तुमच्याकडून शेजाऱ्यांकडे जातो, तेवढं बघा.

घनफूट :
जोडाबद्दल थोडं. फळ्या घरी आणल्या की लगेच हात लावू नका. भिंतीला टेकवूनही ठेवू नका. जमिनीवर तीन काठ्या, त्यावर फळी, वर परत काठ्या, असा थर. दोन-तीन आठवडे. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक फळी वजन करा. वजन घटायचं थांबलं की लाकूड तुमच्या घराच्या हवेला आलं. ओलं लाकूड असेल तर इंचाच्या जाडीला वर्ष लागतं, म्हणून वाळलेलंच मागा.

मग सपाटी. सारख्या रुंदीच्या दोन सरळ पट्ट्या फळीच्या दोन टोकांवर आडव्या ठेवा, डोळा खाली आणून एकीच्या कडेवरून दुसरी बघा. समांतर दिसल्या तर फळी सरळ. एक कोपरा वर दिसला तर पीळ आहे. उंच कोपरे तिरका रंधा मारून आधी उतरवा. बाकीचं नंतर.

कड जुळवायला एक सोपी खूण आहे. दोन्ही फळ्या पुस्तक मिटल्यासारख्या समोरासमोर धरा, जोडायच्या कडा वर, दोन्ही एकत्र आवळा आणि एकाच वेळी रंधा मारा. रंधा थोडा कलंडला तरी चालतं : एका फळीची कड ८९ अंश झाली तर दुसरीची ९१ होते, आणि पुस्तक उघडल्यावर बेरीज १८० च. मग एक फळी दुसरीवर उभी ठेवून दिव्यासमोर धरा. टोकांना उजेड दिसता कामा नये. मधोमध कागदाएवढी फट असेल तर ती चांगलीच, कारण टोकं लवकर वाळतात, तिथे दाब जास्त हवा.

कोकणी_फणस :
इथे एक भर घालतो. साग तेलकट आहे. रंधा मारलेल्या कडेवर त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात, गोंद लावा. दुसऱ्या दिवशी लावायचा असेल तर ॲसिटोन किंवा थिनरच्या फडक्यानं पुसून, उडून गेल्यावर लगेच. पाटावर ओलं फडकं फिरणार, म्हणून साधा पांढरा नको, पाण्याला टिकणारा घ्या, फेव्हिकॉल मरीनसारखा. दोन्ही कडांना पातळ थर. दाबल्यावर पूर्ण लांबीभर मोत्यांसारखे थेंब यायला हवेत. ओघळ आला तर जास्त झाला. ओल्या फडक्यानं पुसू नका, गोंद रेषांत शिरतो आणि पॉलिशखाली पांढरे डाग दिसतात. पाऊण-एक तासानं रबरासारखा झाला की पटाशीनं उचला.

लांब क्लॅम्प महाग पडतात. एका जाड प्लायवर दोन बत्ते (लाकडी पट्ट्या) समांतर ठोका, पाटाच्या रुंदीपेक्षा दीड इंच जास्त अंतरावर. पाट मध्ये ठेवा, उरलेल्या फटीत दोन-दोन पाचरी उलटसुलट घालून समोरासमोर ठोका. पाचरीचा उतार १ ला ८ ठेवा, यापेक्षा चढा केला तर मागे सरकतात. खाली वर्तमानपत्र, नाहीतर पाट प्लायला कायमचा चिकटेल. फळ्या वर उचलू नयेत म्हणून वरून एक आडवी पट्टी दाबून सी क्लॅम्प लावा. रात्रभर तसंच.

कोकणात साग सोडून फणसाचे पाटही होतात. सोनेरी-पिवळा रंग, काळानं तपकिरी होतो, कामाला नरम. आंबा मात्र नको. त्याला किडा लगेच लागतो. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला म्हणजे झालंच.

उंबरठा :
आता मूळ मुद्दा. खालच्या पट्ट्या स्क्रूनं नाहीत, तर मग कशा?

सई_नागपूर :
सरकत्या खाचेत. जुन्या चांगल्या पाटांच्या खाली बघा, पट्टी पाटात घुसलेली दिसेल आणि स्क्रू कुठेच नाही. पाचरीसारखी निमुळती डव्हटेल खाच असते, म्हणजे वर अरुंद आणि आत तळाशी रुंद. पाट पट्टीच्या लांबीवरून आत-बाहेर सरकतो, पण खाली सुटत नाही आणि वाकूही शकत नाही.

मापं अशी. पाटाची जाडी साफ करून २२-२४ मिलिमीटर. खाच ८ मिलिमीटर खोल, त्याहून खोल नको, एक तृतीयांश हीच हद्द. खाचेच्या भिंतींचा उतार १ ला ६. पट्टी ३६ जाड आणि ५० उंच, पण त्यातले ८ मिलिमीटर पाटात जातात. पट्टीच्या वरच्या काठाला पूर्ण ३६ राहू द्या, आणि त्याच्या ८ मिलिमीटर खाली मान दोन्ही बाजूंनी सव्वा-सव्वा मिलिमीटर आत घ्या. म्हणजे मान ३३.५. पाटाच्या टोकांपासून तीन-तीन इंच आत.

निमुळतेपणा एकाच भिंतीत ठेवा. दुसरी भिंत गुण्यात सरळ. पट्टीही तशीच एका बाजूनं निमुळती. खाच ज्या तोंडानं पट्टी शिरते तिथे ३३.५ आणि पलीकडे ३१.५, पूर्ण लांबीत २ मिलिमीटरचा फरक. यामुळे पट्टी शेवटच्या दहा-बारा मिलिमीटरपर्यंत सैल सरकते आणि मग एकदम सगळीकडे घट्ट बसते. निमुळती नसेल तर १५ इंच घासत नेताना मध्येच अडकते.

क्रम : आधी खाच, मग पट्टी. पट्टी बाहेर हातात असते, तिला रंधा मारता येतो, खाचेला नाही. एका सरळ ठोकळ्याची कड ८०-८१ अंशाला रंधून घ्या, तो रेघेवर क्लॅम्प करा, आणि करवत त्या कलत्या कडेला टेकवून चालवा. पात्यावर दातांच्या टोकापासून ८ मिलिमीटरवर चिकटपट्टी लावा, म्हणजे खोली कळते. दोन्ही भिंती झाल्या की मधे दोन-तीन जादा चिरा घ्या आणि पटाशीनं साफ करा, दोन्ही टोकांकडून मध्याकडे. एकाच बाजूनं सरळ ठोकत गेलात तर पलीकडच्या कडेला ढलपा उडतो आणि तो पाटाच्या दर्शनी कडेवर दिसतो. खोली तपासायला एका ठोकळ्यात स्क्रू असा पिळा की तो बरोबर ८ मिलिमीटर बाहेर राहील. ठोकळा खाचेवरून सरकवा. जिथे स्क्रू अडतो तिथे अजून उंचवटा आहे.

गोंद फक्त रुंद तोंडाच्या शेवटच्या इंचात. बाकी कोरडं. सगळीकडे गोंद लावला तर परत स्क्रूचीच कथा. आणि पट्टी पाटाच्या रुंदीइतकी कापू नका : गोंदाच्या टोकाला ५ मिलिमीटर आत, मोकळ्या टोकाला ८. नाहीतर उन्हाळ्यात पाट आकसला की पट्टीचं टोक बाहेर डोकावतं आणि पायाला लागतं.

निळू_कराड :
हे जमलं नाही तर? सरळ स्क्रूचा काही मार्ग?

घनफूट :
आहे. पट्टीला तीन भोकं. मधलं गोल आणि नेमकं, बाजूची दोन लांबट, पट्टीच्या लांबीच्या दिशेनं : ५ बाय १० मिलिमीटर. रुंद वॉशर लावून ८ नंबरचे स्क्रू, आवळून परत पाव फेरा सैल. सागात आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडल्याशिवाय स्क्रू घालू नका. पितळी असेल तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून काढा, मग पितळीच्या आट्यांना मेण चोळून घाला. नाहीतर डोकं तुटून हातात येतं आणि उरलेला आत. टिकायला डव्हटेलच्या जवळपास जातं, दिसायला नाही.

उंबरठा :
रंधा मारताना काही ठिकाणी लाकूड उपटतंय, खड्डे पडतायत. पातं धारदार आहे.

रंधेकरी :
रेषा उलटी आहे. फळीच्या कडेकडे बघा, रेषा वर चढत असेल त्या दिशेनं रंधा जायला हवा. दोन फळ्या जोडताना दोघींची चढण एकाच दिशेला ठेवली असती तर हे टळलं असतं. पुढच्या पाटाला खडूनं बाण काढून ठेवा. आता उपाय : पात्यावरची दाबपट्टी काठापासून ०.३-०.४ मिलिमीटरवर आणा, जाड कागदाएवढी. पातं इतकं आत घ्या की ढलपीतून अक्षरं वाचता यावीत. रंधा तिरका धरा. तळाला मेणबत्ती घासा. तरी ऐकत नसेल तर कबिनेट स्क्रेपर, म्हणजे करवतीच्या जुन्या पात्याचा चौकोनी तुकडा, कड दाबून वळवलेला. शेवटी कागद १२०, १८०, २४०, रेषेच्याच दिशेनं. २४० च्या पुढे सागाला गरज नाही.

कडा गोल करायला ट्रिमर (कडा कोरणारं छोटं मशीन) वापरणार असाल तर पाटाभोवती घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवा. आधी टोकांच्या आडव्या कडा, नंतर लांब कडा. उलट क्रम केला तर कोपरा उडतो.

कोकणी_फणस :
पॉलिश. पाटावर गरम ताट येऊ शकतं, पाणी सांडतं. म्हणून चपडा लाखेचं पॉलिश दिसायला कितीही सुंदर असलं तरी एकटं पुरत नाही. गरमीनं आणि पाण्यानं पांढरं पडतं. पहिला थर म्हणून मात्र जरूर : १ लिटर स्पिरिटला १२० ग्रॅम चपडा, रात्रभर भिजवून गाळून. रेषा उठून येते. पावसाळ्यात लाख मारूच नका, स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल धरतो आणि धुकं बसतं.

वर पॉलियुरेथेन किंवा साधा तेलाचा वार्निश टर्पेंटाइनमध्ये निम्मा-निम्मा पातळ करून, फडक्यानं, चार हात. दोन हातांत रात्र जाऊ द्या, मध्ये ४०० चा कागद हलकेच. सागाच्या तेलामुळे पहिला हात उशिरा वाळतो, चिकट राहिला तर घाबरू नका.

दोन गोष्टी विसरू नका. खालची बाजू, खाचेचं तोंड, आडवी टोकं, सगळ्यांना वरच्याइतकेच हात. फक्त वरून पॉलिश केलेला पाट खालून ओल घेतो आणि होडी होतो, जोड कितीही चांगला असो. आणि जवसाचं तेल वापरलं तर फडकी चुरगळून डब्यात टाकू नका. ती वाळताना तापतात आणि आपोआप पेटतात. दोरीवर एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत टाका.

पोळपाटाला यातलं काहीच नाही. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन चार भाग, मधमाशीचं मेण एक भाग, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवा. बस.

जर्सीकर :
इथे न्यू जर्सीत पुण्याहून आणलेले पाट, चौरंग पहिल्याच हिवाळ्यात फाटतात, त्याचं कारण सईंनी वर दिलंय तेच. हीटर सुरू झाला की घरातली हवा नागपूरच्या मे महिन्याहून कोरडी. इथल्या भट्टीत वाळवलेल्या लाकडाची ओल ६-८ टक्के असते, त्यात काम करायचं तर पावसाळ्याऐवजी उन्हाळ्यात फुगायला जागा ठेवावी लागते. पाठवायचा पाट असेल तर सरकती पट्टीच करा, आणि मोकळ्या टोकाला ८ ऐवजी १० मिलिमीटर सोडा.

उंबरठा :
पहिल्या पाटाची पहिली पट्टी खाचेत दोन तृतीयांश गेली आणि अडकली. ठोकली तर पुढे जात नाही, मागेही येत नाही. गोंद अजून लावलेला नाही.

सई_नागपूर :
पुढे ठोकू नका, खाचेची भिंत सोलून निघेल. पाट उभा धरा, पट्टीच्या अरुंद टोकाला लाकडी ठोकळा टेकवून मोगरीनं मागे हाणा. लोखंडी हातोडी नको. निघाली की उजेडात तिरकी धरून बघा : जिथे घासली तिथे काळपट चकाकी आहे. बहुतेक ती मधेच, दोन-तीन इंचांत असेल, कारण करवत मध्ये आत झुकते आणि खाच तिथे अरुंद राहते. ती चकाकी तेवढीच पटाशी पालथी ठेवून कातरा. निमुळत्या बाजूची. सरळ बाजूला हात लावू नका. खाचेच्या भिंतींना पेन्सिलीचं शिसं चोळून परत घाला, शिशाचा डाग पट्टीवर कुठे उठतो ते बघा, तेवढंच काढा. पाच-सहा वेळा आत-बाहेर होईल. हातानं दाबून दहा मिलिमीटर बाहेर राहिली की थांबा. तिथून पुढचं मोगरीचं.

उंबरठा :
बसली. हातानं नऊ मिलिमीटरवर थांबली होती, चार ठोक्यांत आत. पण टाइल्सवर ठेवला तर पाट डुगडुगतोय.

घनफूट :
टाइल्स सपाट नसतात, आधी काचेवर ठेवून बघा. तिथेही डुगडुगला तर जे दोन तिरके कोपरे टेकलेले राहतात ते उंच. त्यांच्या खालून रंध्याच्या दोन-दोन ढलप्या, परत काचेवर. जमलं की पट्टीचा मधला भाग खालून दीड-दोन मिलिमीटर खरवडून टाका, म्हणजे पाट चार कोपऱ्यांवरच टेकेल. आणि खालच्या कडा कागदानं मोडून घ्या, नाहीतर सरकवताना ढलपे निघतात.